एफएमचा कॅरियर: साईन की स्क्वेअर, हे कुठं उभं राहून ठरवायचं?

निपाणीच्या एका डिप्लोमा विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एफएम ट्रान्समीटर करायचाय. मित्रानं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाच्या चार नंबरच्या जीपीआयओ पिनला वीतभर वायर लावली आणि मोबाईलच्या रेडिओवर गाणं खणखणीत ऐकवलं. ती पिन निव्वळ स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहर देते. मग गाईड सर कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओलहर, साईनच (गुळगुळीत गोल आकाराची) पाहिजे म्हणून का अडून बसलेत? आणि स्क्वेअर चालत असेल तर ट्रँग्युलर (त्रिकोणी) किंवा सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) घेऊन रेंज वाढते का?

मित्राचं गाणं वाजलं हेही खरं आणि सरांचं म्हणणं बरोबर हेही खरं. मित्र रेडिओच्या बाजूनं बघतोय, सर हवेच्या बाजूनं. त्यामुळे कुठली वेव्ह चांगली हे ठरवण्याआधी वेव्हचा आकार नेमका कुठल्या जागी तपासायचा ते ठरवावं लागतं. माझं उत्तर आहे अँटेनाच्या सॉकेटवर. डब्याच्या आत ज्या स्टेजला जो आकार सोयीचा असेल तो खुशाल ठेवा. सॉकेटमधून बाहेर पडताना मात्र साईनच पडली पाहिजे.

माझा धंदा वायरलेस सेटचा. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेतले कारखाने, साखर कारखान्यात काट्यावरचा माणूस आणि ऊस यार्डातला माणूस यांच्यामधले हँडसेट, बेस, रिपीटर, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. त्याआधीची उमेदवारी टीव्ही आणि व्हीसीआरवर झाली. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात पुस्तकापेक्षा टेबलावरचं जास्त आहे.

आधी मित्राची बाजू. एफएममध्ये माहिती असते ती कॅरियर किती भरभर शून्य ओलांडतो यात. उंची किती, डोकं गोल की सपाट, याचा माहितीशी संबंध नाही. रिसीव्हर तर आलेल्या सिग्नलचं डोकं मुद्दाम छाटतो. साध्या एफएम रेडिओत सिग्नल १०.७ मेगाहर्ट्झवर आणतात आणि लिमिटरमधून काढतात. लिमिटर त्याला इतका वाढवून छाटतो की तिथं साईन जाऊन जवळपास स्क्वेअरच उरते. हा छाटण्याचा उद्योग मुद्दाम करतात, कारण विजेची खरखर, मोटारसायकलच्या प्लगचा आवाज वगैरे मुख्यतः उंचीत येऊन बसतात आणि छाटताना निघून जातात. म्हणजे एफएमच्या साखळीत स्क्वेअर वेव्ह आधीपासूनच आहे. मोबाईलनं १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं तेवढं घेतलं, बाकी फेकलं, आणि गाणं वाजलं.

इथं बऱ्याच पोरांची एक गल्लत होते ती आधीच मिटवतो. लहरी दोन आहेत: आवाजाची आणि कॅरियरची. आवाजाच्या लहरीचा आकार बदललात तर ऐकू येणारं बदलतं, बासरीची पिपाणी होते. कॅरियरचा आकार बदललात तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. कळतं ते शेजारच्याला.

आता सरांची बाजू. ठरावीक वेळानं पुन्हापुन्हा येणारी कुठलीही लहर, कितीही वेडीवाकडी असू दे, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीच्या साईन लहरींची बेरीज असते. कागदावर ही गणिताची सोय वाटते. अँटेनाला मात्र ती बेरीज दिसतच नाही. तिला सुटे सुटे आकडेच दिसतात आणि ती प्रत्येक साईन वेगळी हवेत सोडते. १०० मेगाहर्ट्झची बरोबर निम्मी वर, निम्मी खाली अशी स्क्वेअर घेतली तर तिच्यात १०० ची साईन असते, शिवाय ३०० ची एक तृतीयांश उंचीची, ५०० ची एक पंचमांश, ७०० ची एक सप्तमांश, असं पुढं चालू. पॉवरचा हिशेब उंचीच्या वर्गानं होतो. एकूण पॉवरपैकी ८१ टक्के मूळ फ्रीक्वेन्सीत, सुमारे ९ टक्के तिसऱ्या हार्मोनिकमध्ये (मूळच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीच्या साईनमध्ये), ३ टक्क्यांच्या थोडं वर पाचव्यात, उरलेली त्याच्या पुढं. मूळ फ्रीक्वेन्सीत १ वॉट सोडत असाल तर ३०० ला ११० मिलिवॉट आणि ५०० ला ४० मिलिवॉट फुकटात सुटतात. ११० मिलिवॉट कमी वाटत असतील तर सांगतो, येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उघड्या उंचीवरून तेवढ्या पॉवरमध्ये मैलोगणती बोलता येतं.

आणि ही फक्त पॉवरची गळती नाही. एफएममध्ये हार्मोनिकचं डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सीचं इकडे-तिकडे हलणं, तेही त्याच पटीत वाढतं. मूळ कॅरियर ७५ किलोहर्ट्झ इकडे-तिकडे हलत असेल तर तिसरा हार्मोनिक २२५ हलतो, पाचवा ३७५. कार्सनच्या नियमानं मोजलं, म्हणजे डेव्हिएशन अधिक आवाजाची सर्वात वरची फ्रीक्वेन्सी आणि त्याची दुप्पट, तर १५ किलोहर्ट्झच्या मोनो आवाजाला मूळ जागी १८० किलोहर्ट्झ लागतात, ३०० वर ४८०, ५०० वर ७८०. म्हणजे मागं सुटलेलं पिलावळ आईपेक्षा जास्त जागा अडवून बसतं.

ते कुठं जाऊन बसतं हेही बघा. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्याची दुप्पट १७६ ते २१६, हा टीव्हीच्या जुन्या व्हीएचएफ चॅनलांचा भाग. तिप्पट २६४ ते ३२४. जगभर लष्करी विमानांचे रेडिओ २२५ ते ४०० च्या पट्ट्यात बोलतात. आपल्याकडं सांबऱ्याला विमानतळ आहे आणि हवाई दलाचं ठाणंही आहे. तुमच्या प्रोजेक्टचं गाणं तिथल्या कुणाच्या कानात जाणं ही गंमतीची गोष्ट नाही.

मित्राच्या त्या वीतभर वायरकडं आता पुन्हा बघा. १०० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ७५ सेंटिमीटर. वीतभर म्हणजे बावीस-तेवीस सेंटिमीटर, आणि ३०० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी येते २५. म्हणजे त्यानं लावलेली वायर १०० साठी फारच आखूड आणि ३०० साठी जवळजवळ मापात शिवलेली आहे! गाणं १०० वर वाजतंय, पण अँटेना मन लावून काम करतीय ती तिसऱ्या हार्मोनिकचं. बरं, वायर मोजून ७५ ची केली तर सुटका होते का? नाही. पाव तरंगाची अँटेना तिप्पट, पाचपट अशा विषम पटींनाही जुळते, आणि स्क्वेअर वेव्हचे हार्मोनिक नेमके विषम पटींचेच. अँटेना आपोआप फिल्टरचं काम करेल ही समजूत पुष्कळांची असते. या जोडीत ती साफ खोटी ठरते.

केबल टीव्ही ॲनालॉग होता तेव्हाची एक भानगड सांगतो. एका मंडळाचा कार्यकर्ता घरी केलेला कॉर्डलेस माईक घेऊन आला. एक ट्रान्झिस्टर, एक कॉईल, नऊ व्होल्टची बॅटरी, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. म्हणाला, "काका, माईक झकास चालतोय, खरं पलीकडच्या घरातल्या टीव्हीवर पट्टे मारायलेत." माईक ९८ च्या थोडा वर लावलेला होता. त्याची दुप्पट १९६ च्या वर जाते, आणि टीव्हीच्या आठव्या चॅनलचा चित्राचा कॅरियर १९६.२५ ला. त्या घरातली केबल पिळ मारून, टेप गुंडाळून जोडलेली, त्यामुळे बाहेरचं सगळं आत. पडद्यावर तिरपे पट्टे होते आणि माईकवर कुणी "हॅलो, हॅलो" म्हटलं की ते पट्टे पाण्यासारखे लचकायचे. हे लचकणं म्हणजेच दुप्पट झालेलं डेव्हिएशन, डोळ्यांनी दिसणारं. ऐकणाऱ्यांपैकी एकाचीही आवाजाबद्दल तक्रार नव्हती.

इथं चौकस माणूस विचारेल की स्क्वेअरमध्ये दुसरा हार्मोनिक नसतो ना? बरोबर, पण वर आणि खाली अगदी निम्मा-निम्मा वेळ असेल तरच. तो तोल जरा बिघडला की दुसरा, चौथा सगळे हजर. आणि त्या माईकमध्ये तर स्क्वेअर वेव्ह नव्हतीच, पुस्तकात ज्याला साईन ऑसिलेटर म्हणतात तोच होता. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर जोरात चालवला की त्याची साईन एका बाजूनं चेपते आणि दुसरा हार्मोनिक तयार होतो. म्हणून सरांना "मी साईन ऑसिलेटर लावलाय" एवढंच सांगून सुटका नाही. सॉकेटवर काय आलं ते मोजून दाखवावं लागेल.

आता रेंजचा मुद्दा. स्क्वेअर घेतल्यानं रेंज वाढते या ऐकीव गोष्टीत थोडं तथ्य आहे, आणि ते कुठलं हे कळलं तर अर्धी ट्रान्समीटर डिझाईन कळली. तेवढ्याच सप्लाय व्होल्टेजमध्ये, तेवढ्याच उंचीची स्क्वेअर आणि साईन घेतली तर स्क्वेअरमधली मूळ साईन १.२७ पट उंच निघते, म्हणजे पॉवर सुमारे १.६ पट. त्याहून मोठा फायदा उष्णतेचा. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असला की त्यात वीज फारशी जळत नाही. साईन जशीच्या तशी वाढवायची तर ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडं राहावं लागतं आणि तो तापतो. एफएममध्ये उंचीला किंमत नाही, म्हणून ही मोकळीक मिळते. आमच्या हँडसेटची शेवटची स्टेज कॅरियरच्या आकाराची फिकीर न करता क्लास सीमध्ये (ट्रान्झिस्टर प्रत्येक लहरीच्या थोड्या भागापुरताच उघडा) किंवा स्विचिंगमध्ये चालवतात. ट्रान्झिस्टर ठोके देतो, पुढची कॉईल-कपॅसिटरची जोडी त्या ठोक्यांतून साईन उभी करते, आणि लो-पास फिल्टर, म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सी जाऊ देऊन वरच्या अडवणारा, उरलंसुरलं अडवतो. यार्डात दिवसभर बॅटरी टिकते ती यामुळं. म्हणजे डब्यातली स्क्वेअर सोय म्हणून नाही तर काटकसर म्हणून ठेवतात, आणि हवेत जाण्याआधी काढून टाकतात.

ट्रँग्युलरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिचे हार्मोनिक पटकन उतरतात, तिसरा एक नवमांश, पाचवा एक पंचविसांश, त्यामुळं कागदावर ती स्क्वेअरपेक्षा सभ्य दिसते. पण १०० मेगाहर्ट्झला नीट त्रिकोण करणं साईन करण्यापेक्षा अवघड. फंक्शन जनरेटरच्या, म्हणजे अशा वेगवेगळ्या आकाराच्या लहरी देणाऱ्या, प्रसिद्ध आयसी बघा: ८०३८ तीनशे किलोहर्ट्झपर्यंत, एक्सआर २२०६ एक मेगाहर्ट्झपर्यंत. सॉटूथ तर सोडूनच द्या, तिच्यात सम आणि विषम सगळेच हार्मोनिक. तुमच्या कामाला दोन्हींचा उपयोग शून्य.

अपवाद कुठं? कॅरियर हवेत रेडिओ म्हणून जातच नसेल तिथं. व्हीएचएस टेपवर चित्राचा उजेड-अंधार एफएमनंच लिहिलेला असायचा, आपल्या पाल या टीव्ही पद्धतीत ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, आणि टेप चुंबकानं भरून जाईपर्यंत दाबून लिहायची पद्धत होती. उंची सपाट झाली तरी बिघडत नव्हतं. लेझर डिस्कवर तर खड्डा आहे किंवा नाही एवढंच. टीव्हीचे इन्फ्रारेड हेडफोन २.३ आणि २.८ मेगाहर्ट्झच्या एफएम कॅरियरनं एलईडी उघडझाप करतात. या ठिकाणी स्क्वेअरला हरकत घेणारा शेजारीच नाही.

उलट बाजूचाही विचार करा. कॅरियर फार खाली असेल आणि डेव्हिएशन त्याच्या मानानं मोठं, तर हार्मोनिकचे पट्टे एकमेकांवर चढतात आणि मग कुठलाही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. १०० किलोहर्ट्झच्या स्क्वेअर कॅरियरला ७५ किलोहर्ट्झ हलवून बघा, मूळ लहर वर जाईल १७५ पर्यंत आणि तिसरा हार्मोनिक खाली उतरेल ७५ पर्यंत. टीडीए ७००० ही एका चिपमधली रेडिओ आयसी ज्यांनी वापरलीय त्यांना आठवेल, तिची आतली फ्रीक्वेन्सी फक्त ७० किलोहर्ट्झ. म्हणून ती आलेलं ७५ चं डेव्हिएशन आधी १५ पर्यंत आवळते आणि मगच पुढं नेते. तुम्ही १०० मेगाहर्ट्झवर असाल तर ही अडचण नाही. तिथं १०० आणि ३०० मध्ये एवढं मैदान मोकळं आहे की साधा फिल्टर पुरतो.

इथवरचं आटोपशीर सांगायचं तर: माहितीला आकाराची गरज नाही, हवेला आहे, आणि दोघांच्या मध्ये फिल्टर उभा आहे. म्हणून तुमचा वेळ वेव्ह निवडण्यात घालवू नका, फिल्टरवर घाला.

फिल्टर असा करा. ५० ओहमचा, पाच पार्टचा, १२० मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा साधा बटरवर्थ जातीचा. जमिनीकडं (सर्किटच्या ग्राउंडकडं) जाणारे तीन कपॅसिटर: कडेचे दोन १६ पिकोफॅरडच्या आसपास, मधला ५३. त्यांच्यामधल्या दोन कॉईल प्रत्येकी १०७ नॅनोहेन्रीच्या. बाजारात १५ किंवा १८ आणि ५६ मिळतील, तेवढा फरक चालतो. कॉईल विकत आणू नका. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर २० गेजची एनामल वायर पाच वेढे गुंडाळा आणि लांबी ६ मिलिमीटर होईल इतकी ताणा, शंभरच्या आसपास येते. वेढे जवळ दाबले की मूल्य वाढतं, फाकवले की कमी होतं, तेवढ्यावर ट्यूनिंग होतं. दोन कॉईल एकमेकींना काटकोनात बसवा, नाहीतर पहिलीतलं दुसरीत उडी मारून जातं आणि मधला कपॅसिटर नुसता बघत बसतो.

गणितानं हा फिल्टर १०० ला अर्ध्या डेसिबलपेक्षा थोडं जास्त खातो (दर १० डेसिबलला पॉवर एक दशांश होते), २०० ला २२ डेसिबल अडवतो, ३०० ला जवळजवळ ४०. स्क्वेअरचा तिसरा हार्मोनिक मुळातच साडेनऊ डेसिबल खाली असतो, म्हणजे तो ४९ वर गेला. आणखी एक कॉईल आणि एक कपॅसिटर वाढवून, सगळी मूल्यं नव्यानं काढून सात पार्टचा केलात तर २०० ला ३१ आणि ३०० ला ५५ च्या वर. प्रोजेक्टला सातचाच करा, खर्च चहाएवढा.

पण गणित टेबलावर उतरत नाही, आणि त्याचं कारण नव्वद टक्के वेळा कपॅसिटरचे पाय असतात. डिस्क कपॅसिटर सेंटिमीटरभर पाय ठेवून लावलात की ते पायच ८ ते १० नॅनोहेन्रीची कॉईल होतात. ५३ पिकोफॅरड आणि १० नॅनोहेन्री २१८ मेगाहर्ट्झला जुळतात. त्याच्या वर तो पार्ट कपॅसिटर राहत नाही, कॉईलसारखा वागायला लागतो. ५०० ला तर तो ६ ओहमऐवजी २५ ओहम दाखवतो आणि पाचवा हार्मोनिक त्याच्या वरून निघून जातो. म्हणून पाय कापून अंगाला टेकवून सोल्डर करा, शक्य असेल तर एसएमडी (बिनपायाचे) वापरा, आणि जमीन म्हणून कॉपर क्लॅड बोर्डाचा अख्खा तुकडा घ्या. डॉट बोर्डावरचा फिल्टर मी टेबलावर घेतच नाही.

रास्पबेरी पायच्या पिनला हा फिल्टर थेट जोडला तरी हिशेब चुकेल, कारण ती पिन ५० ओहमची नाही, शिवाय अडवलेले हार्मोनिक फिल्टर परत मागं ढकलतो. मध्ये ६ डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारी रेझिस्टरची जोडणी, घाला: १५० ओहम जमिनीला, ३९ मालिकेत, पुन्हा १५० जमिनीला. पॉवर पावपट होईल, होऊ दे. पिनवर डीसी व्होल्टेजही असतं, त्यासाठी पॅडच्या आधी एक हजार पिकोफॅरडचा कपॅसिटर.

ऑसिलेटर निवडताना मी आकाराकडं बघतच नाही, स्थिरतेकडं बघतो. एफएममध्ये ऑसिलेटर जेवढा डगमगतो तेवढं थेट आवाजात उतरतं. सप्लायचा हम (गुणगुण) व्हॅरॅक्टरपर्यंत, म्हणजे फ्रीक्वेन्सी हलवणाऱ्या डायोडपर्यंत पोचला की स्पीकरमध्ये तोच हम. उघड्या कॉईलजवळ हात नेला की स्टेशन सरकतं. रास्पबेरी पायचं वेगळंच दुखणं: जुन्या बोर्डांत ५०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला (क्लॉक सिग्नलला) पूर्णांक आणि बारा बिटच्या अपूर्णांकानं भागून फ्रीक्वेन्सी काढतात, त्यामुळं १०० च्या आसपास दोन पायऱ्यांत सुमारे ४.९ किलोहर्ट्झचं अंतर पडतं. एकूण १५० किलोहर्ट्झच्या झोक्यात जेमतेम तीसेक पायऱ्या. प्रोग्रॅम पायऱ्यांमध्ये भराभर उड्या मारून आवाज गुळगुळीत करतो, पण शांत जागी बारीक खरखर ऐकू येते. मित्राला हेडफोन लावून ऐकायला सांगा. व्हायवाला हा मुद्दा मांडलात तर साईन-स्क्वेअरच्या वादापेक्षा जास्त मार्क मिळतील.

हार्मोनिक कामालाही लावतात, हेही सांगून ठेवतो. जुन्या क्रिस्टलच्या सेटमध्ये १२.१२५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपासून मुद्दाम चेपलेली लहर काढायची, टप्प्याटप्प्यानं बारापट करायची आणि १४५.५ ला पोचायचं. डेव्हिएशनही बारापट होतं, म्हणून शेवटी ५ किलोहर्ट्झ हवं असेल तर क्रिस्टलला फक्त चारशे-सव्वाचारशे हर्ट्झ हलवायचं. क्रिस्टल तेवढंच हलतं, त्यामुळं ही रीत त्याच्या स्वभावाला जुळली. शेवटच्या फिल्टरमध्ये मात्र आधीच्या पटींचे उरलेले तुकडे आणि १४५.५ ची तिप्पट, ४३६.५, हे दोन्ही साफ करावे लागतात. ही तिप्पट हौशी रेडिओवाल्यांच्याच ४३४ ते ४३८ च्या पट्ट्यात पडते, म्हणजे भाऊबंदांतच भांडण.

मोजायचं कशानं? कॉलेजात स्पेक्ट्रम ॲनलायझर, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती पॉवर आहे ते दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) किंवा टायनीएसए (हातात मावणारा ॲनलायझर) पुरे. डोंगल २४ ते १७०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत बघतो, तुमचे सगळे हार्मोनिक त्यात येतात. पण थेट जोडू नका. आधी ४० डेसिबल ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा, नाहीतर डोंगल स्वतःच गुदमरून हार्मोनिक पैदा करेल आणि तुम्ही निरपराध फिल्टर उचकटत बसाल. दिसणारा हार्मोनिक खरा की डोंगलनं घडवलेला, हे ओळखायची सोपी रीत आहे. आणखी १० डेसिबल ॲटेन्युएटर वाढवा. ३०० चा दांडा बरोबर १० नं उतरला तर तो तुमचा. ३० च्या आसपास उतरला तर तो डोंगलच्या पोटातला. दुसरा हार्मोनिक खोटा असेल तर २० नं उतरतो.

शेवटचं, हवेत सोडण्याबद्दल. एफएमच्या पट्ट्यात परवान्याशिवाय प्रसारण करायचं नाही. आपल्या बेळगावात केएलई वेणुध्वनी ९०.४ वर चालतं ते कम्युनिटी रेडिओच्या रीतसर परवान्यावर. त्या प्रकारात शिक्षणसंस्थांना १०० वॉटपर्यंत प्रभावी पॉवर मिळते. तुम्हाला स्वतः हवेत बोलायचं असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्या आणि १४४ ते १४६ मध्ये या, आम्ही आहोतच.

प्रोजेक्ट दाखवायला हवेची गरज नाही. ट्रान्समीटरच्या सॉकेटला १०० ओहमचे दोन कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहमचा डमी लोड करा. वायरवाऊंड घेऊ नका, तो आत कॉईलच असतो. ऐकवायचं असेल तेव्हा लोड काढून केबल आणि साठ-सत्तर डेसिबल ॲटेन्युएटरमधून रेडिओच्या अँटेना टोकाला द्या. रिपोर्टमध्ये चार ओळींचा तक्ता टाका: १००, २००, ३००, ५०० मेगाहर्ट्झ, फिल्टरच्या आधीचं माप आणि नंतरचं. दोन्ही मापं एकाच ॲटेन्युएटरनं, एकाच केबलनं घ्या, आणि ३०० च्या ओळीत फरक तीस डेसिबलपेक्षा कमी आला तर सरांकडं जायच्या आधी कपॅसिटरचे पाय पुन्हा बघा.